ब्रँड नावाच्या औषधांची किंमत व ती कमी करण्याचे मार्ग : एक विवेचन

१. प्रस्तावना

औषध ही बाजारातील इतर वस्तूंसारखी वस्तू नाही. धान्य, कापड किंवा भांडी खरेदी करताना ग्राहक स्वतः वस्तू पारखतो, चार दुकाने फिरतो, भाव करतो आणि न परवडल्यास खरेदी पुढे ढकलतो. औषधाच्या बाबतीत यांपैकी कोणतेही स्वातंत्र्य त्याला नसते. औषधाची निवड डॉक्टर करतात, ते हातात देण्याचे काम औषधविक्रेता करतो आणि पैसे मात्र रुग्ण मोजतो. निवड करणारा आणि पैसे देणारा या दोन व्यक्ती भिन्न असल्यामुळे स्पर्धेतून किंमत उतरण्याचा जो सर्वसाधारण नियम अर्थशास्त्रात सांगितला जातो, तो येथे पुरेसा लागू पडत नाही.

भारतातील बहुसंख्य कुटुंबे बाह्यरुग्ण उपचारावरील खर्च स्वतःच्या खिशातून करतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी थेट केलेल्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते. ते २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आले. ही घट स्वागतार्ह असली, तरी उरलेला भार लहान नाही. रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च विमा योजना काही प्रमाणात उचलतात. पण मधुमेह, रक्तदाब, दमा, अपस्मार यांसारख्या आजारांत महिन्यामागून महिने घ्यावयाच्या गोळ्यांचा खर्च सहसा या योजनांच्या कक्षेबाहेर राहतो. शेतमजुराच्या किंवा निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाच्या घरात हा खर्च न झेपल्यास प्रथम गोळीची मात्रा अर्धी होते आणि नंतर औषधच बंद पडते. म्हणून औषधाच्या किमतीचा प्रश्न हा उपचार चालू राहतो की नाही याचा प्रश्न आहे.

ब्रँड नावाने विकल्या जाणाऱ्या औषधांच्या किमती कोणत्या कारणांनी वाढतात, त्या कमी करण्यासाठी भारतात कोणते मार्ग अवलंबिले गेले आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

२. ‘ब्रँडेड औषध’ या संज्ञेचे दोन अर्थ

या विषयावरील चर्चेत बराच गोंधळ संज्ञेमुळे होतो. पाश्चात्त्य देशांत ब्रँडेड औषध म्हणजे सामान्यतः मूळ संशोधक कंपनीचे, पेटंटचे संरक्षण असलेले किंवा पूर्वी असलेले औषध. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्या तेच औषध त्याच्या मूळ रासायनिक नावाने बाजारात आणतात. त्यास जेनेरिक औषध म्हणतात.

भारतातील परिस्थिती वेगळी आहे. येथील बाजारात पेटंट नसलेली औषधेही प्रामुख्याने ब्रँड नावानेच विकली जातात. पॅरासिटामॉल किंवा मेटफॉर्मिन या एकाच औषधाला निरनिराळ्या कंपन्यांनी दिलेली नावे मोजू गेल्यास यादी लांबत जाते. अशा औषधांना ‘ब्रँडेड जेनेरिक’ म्हणतात. याशिवाय तिसरा प्रकार आहे. काही कंपन्या तेच औषध वैद्यकीय प्रतिनिधींमार्फत प्रचार न करता थेट घाऊक व किरकोळ विक्रेत्यांना स्वस्तात देतात. यास व्यापारी जेनेरिक म्हटले जाते.

हा भेद लक्षात घेणे दोन कारणांसाठी आवश्यक आहे. पहिले असे की, पेटंटमुळे निर्माण झालेली मक्तेदारी आणि केवळ नावाच्या प्रतिष्ठेमुळे टिकून राहिलेली महागाई हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांवरील उपायही वेगळे आहेत. दुसरे असे की, ‘जेनेरिक म्हणजे स्वस्त’ हे समीकरण नेहमी खरे नसते. व्यापारी जेनेरिकच्या वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत पुष्कळदा ब्रँडेड औषधाच्या जवळपास असते. विक्रेत्याला ते त्याहून कितीतरी कमी दराने मिळालेले असते. विक्रेत्याने सवलत दिली नाही, तर स्वस्ताईचा लाभ त्याच्याकडेच राहतो, रुग्णापर्यंत पोहोचत नाही.

३. पेटंट कायदा : मक्तेदारीला घातलेली मर्यादा

स्वातंत्र्यानंतरची दोन दशके भारतात १९११ चा पेटंट कायदा लागू होता आणि औषधांच्या बाजारावर विदेशी कंपन्यांचे वर्चस्व होते. १९७० च्या पेटंट कायद्याने ही स्थिती बदलली. हा कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्याने औषधाच्या उत्पादनावरील पेटंट रद्द करून केवळ निर्मितीच्या प्रक्रियेवर आणि तेही अल्प मुदतीचे पेटंट ठेवले. तेच औषध वेगळ्या प्रक्रियेने तयार करण्याची मुभा मिळताच देशी औषधउद्योग झपाट्याने वाढला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या कंपनीने एचआयव्हीवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दराने देण्याची तयारी दाखविली. त्या वेळी पाश्चात्त्य देशांत याच उपचाराचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. मक्तेदारी नसल्यास किंमत किती उतरू शकते, याचा हा सर्वांत बोलका पुरावा होय.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून भारताला औषधांवर वीस वर्षांचे उत्पादन-पेटंट पुन्हा स्वीकारावे लागले. मात्र हा बदल करताना संसदेने दोन संरक्षक तरतुदी राखल्या.

पहिली तरतूद कलम ३(घ) ची. ज्ञात औषधाचे केवळ नवे रूप तयार केले आणि त्यामुळे रोगावरील परिणामकारकता लक्षणीयरीत्या वाढली नाही, तर त्यास नवे पेटंट मिळत नाही. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावरील इमॅटिनिब या औषधाच्या संदर्भात नोव्हार्टिस कंपनीचा दावा १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे फेटाळला. मूळ ब्रँडचा मासिक खर्च सुमारे एक लाख वीस हजार रुपये होता, तर देशी कंपन्यांचे औषध आठ ते दहा हजार रुपयांत मिळत होते. क्षयरोगावरील बेडाक्विलीन या औषधाच्या पेटंटची मुदत नव्या रूपाच्या आधारे लांबविण्याची मागणी मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नाकारली. या प्रकरणी आक्षेप नोंदविणाऱ्यांत क्षयरोगातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचा समावेश होता. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणत्याही व्यक्तीला आक्षेप घेण्याचा अधिकार भारतीय कायद्याने दिला आहे, ही बाब येथे आवर्जून नमूद केली पाहिजे.

दुसरी तरतूद सक्तीच्या परवान्याची. पेटंटधारक लोकांची गरज भागवीत नसेल, वाजवी किमतीत औषध उपलब्ध करून देत नसेल किंवा भारतात त्या शोधाचा प्रत्यक्ष वापर करीत नसेल, तर कलम ८४ अन्वये दुसऱ्या उत्पादकास परवाना देता येतो. ९ मार्च २०१२ रोजी मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिबसाठी नॅटको कंपनीस असा परवाना मिळाला. बायर कंपनीच्या ब्रँडचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये होता. नॅटकोने तो ८,८०० रुपयांवर आणला. मूळ कंपनीस विक्रीवर स्वामित्वशुल्क देण्याची अट घालण्यात आली. हा निर्णय २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कायम केला. मात्र भारतात आजवर दिला गेलेला हा एकमेव सक्तीचा परवाना आहे. कायद्यातील तरतूद आणि तिचा वापर यांत किती अंतर असते, हे यावरून दिसते.

४. किंमत नियंत्रण : उपाय आणि त्याची उणीव

जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ अन्वये सरकार औषध (किंमत नियंत्रण) आदेश काढते. १९७९ च्या आदेशाखाली ३४७ औषधे नियंत्रित होती. १९८७ मध्ये ही संख्या १४२ वर आणि १९९५ मध्ये ७४ वर आली. आर्थिक उदारीकरणाबरोबर नियंत्रणाची कक्षा आक्रसत गेली. १९९७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरण स्थापन झाले. २०१३ च्या आदेशाने अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीतील सर्व औषधे नियंत्रणाखाली आणली. २०२२ मध्ये सुधारित झालेल्या या सूचीत ३८४ औषधे आहेत.

संख्या वाढली, परंतु पद्धत बदलली. १९९५ च्या आदेशात उत्पादनखर्च हा किमतीचा पाया होता. २०१३ पासून बाजारभाव हा पाया झाला. बाजारात एक टक्का किंवा त्याहून अधिक वाटा असलेल्या सर्व ब्रँडांच्या, किरकोळ विक्रेत्यास पडणाऱ्या किमतींची सरासरी काढून तीत विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळविला जातो व ती कमाल किंमत ठरते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या गोळीचे तीन ब्रँड विक्रेत्यास अनुक्रमे २०, ३० व ७० रुपयांस पडतात असे मानू. सरासरी ४० रुपये येते आणि कमाल किंमत ४६ रुपये ४० पैसे ठरते. सर्वांत महाग ब्रँडला किंमत उतरवावी लागते, हे खरे. पण गोळी तयार करण्याचा खर्च पाच रुपये असला, तरी या हिशेबात त्याचा विचार होत नाही. बाजारातील महागडे ब्रँड सरासरीच वर खेचतात. शिवाय ही मर्यादा सूचीत नोंदलेल्या मात्रेस व स्वरूपासच लागू होते. सूचीबाहेरील औषधांच्या कमाल किरकोळ किमतीत वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची मुभा आहे. पण त्यांची आरंभीची किंमत किती असावी यावर सर्वसाधारण बंधन नाही.

या त्रुटीवर एक उपाय फेब्रुवारी २०१९ मध्ये करून पाहण्यात आला. सूचीबाहेरील ४२ कर्करोगविरोधी औषधांवरील व्यापारी नफ्याची मर्यादा ३० टक्के ठरविण्यात आली आणि शेकडो ब्रँडांच्या छापील किमती खाली आल्या. उत्पादकाची विक्रीकिंमत आणि रुग्णास पडणारी किंमत यांमधील दरी किती मोठी होती, हे त्यातून उघड झाले. अशी मर्यादा सर्वच औषधांना लावावी ही मागणी त्यामुळेच रास्त वाटते.

करातील कपात हाही किमतीशी निगडित भाग आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. हा दिलासा खरा असला, तरी मूळ किंमतच अवाजवी असल्यास तो मर्यादितच राहतो.

५. जनौषधी केंद्रे

ब्रँडच्या किमतीला पर्याय उभा करण्याचा मार्ग म्हणून नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसर येथे पहिले जनौषधी केंद्र सुरू झाले. आरंभीची काही वर्षे ही योजना मंदगतीने चालली. नंतर तिचा विस्तार होऊन २०२५ च्या आरंभी केंद्रांच्या संख्येने पंधरा हजारांचा टप्पा गाठला. येथील किंमत ठरविण्याचे सूत्र सोपे आहे. त्या औषधाच्या आघाडीच्या तीन ब्रँडांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक किंमत आकारावयाची नाही. प्रत्यक्षात अनेक औषधे याहूनही स्वस्त मिळतात. पुरवठादार जागतिक आरोग्य संघटनेच्या निर्मिती-मानकांनुसार प्रमाणित असावा लागतो आणि प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते.

योजनेपुढील अडचणी दोन. रुग्णास हवे असलेले औषध केंद्रात नेहमीच उपलब्ध असते असे नाही. तसेच डॉक्टरांनी चिठ्ठीवर केवळ ब्रँडचे नाव लिहिले असेल, तर रुग्णास त्याचा पर्याय ओळखता येत नाही. केंद्रांची संख्या वाढविण्याइतकेच पुरवठ्यातील सातत्य आणि चिठ्ठीतील स्पष्टता यांकडे लक्ष देणे म्हणूनच गरजेचे आहे.

६. सामूहिक खरेदी

एकटा रुग्ण भाव करू शकत नाही; पण हजारो रुग्णांच्या वतीने खरेदी करणारी संस्था करू शकते. तामिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन करून औषधांची खरेदी मूळ नावाने, खुल्या निविदांद्वारे व गुणवत्ता-चाचणीनंतर करण्याची पद्धत रुजविली. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली गेली आणि प्रत्येक रुग्णालयास औषधांसाठी खातेपुस्तिका देण्यात आली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली, तीही अशाच केंद्रीय खरेदीच्या बळावर.

महाराष्ट्रात २०१७ मध्ये औषधखरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपविण्यात आले. पुरवठ्यातील विलंबाच्या तक्रारींनंतर २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन करण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. तथापि निःशुल्क सेवेचा अर्थ रुग्णालयाच्या औषधकक्षात औषध शिल्लक असेल तरच उरतो. औषध नसल्यास रुग्णाच्या हाती बाहेरून आणण्याची चिठ्ठी येते आणि तो पुन्हा ब्रँडच्या बाजारात लोटला जातो.

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने अनेक कर्करोग रुग्णालयांची मागणी एकत्र करून चाळीस औषधांसाठी वाटाघाटी केल्या. निरनिराळ्या औषधांवर २३ ते ९९ टक्क्यांपर्यंत बचत झाली. मागणी एकवटल्यास खरेदीदाराचे बळ किती वाढते, याचे हे महाराष्ट्रातील उदाहरण इतर आजारांच्या बाबतीतही अनुकरणीय आहे.

७. चिठ्ठीवरील नाव आणि गुणवत्तेचा प्रश्न

ब्रँड नावे टप्प्याटप्प्याने हटवावीत, अशी शिफारस हाथी समितीने १९७५ मध्येच केली होती. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे, असा नियम केला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये अधिक कडक नियम जाहीर केले. परंतु वैद्यकीय संघटनांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात ते स्थगित झाले.

डॉक्टरांचा आक्षेप सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. चिठ्ठीवर फक्त मूळ नाव लिहिल्यास कोणत्या कंपनीचे औषध द्यावयाचे याची निवड डॉक्टरांकडून विक्रेत्याकडे जाते आणि विक्रेता अधिक नफा देणारे औषध पुढे करण्याची शक्यता असते. उलटपक्षी, चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर औषध नियमावलीतील नियम ६५ नुसार अनुसूची ‘एच’मधील औषधांच्या बाबतीत विक्रेत्यास तेच घटक असलेले दुसरे औषधही परस्पर देता येत नाही. म्हणजे एका बाजूने रुग्ण डॉक्टरांच्या निवडीने बांधला जातो, तर दुसऱ्या बाजूने विक्रेत्याच्या. या कोंडीतून मार्ग काढावयाचा असेल, तर मूळ नाव लिहिणे, पात्र औषधनिर्माणशास्त्रज्ञास मर्यादित प्रमाणात पर्याय देण्याची मुभा असणे आणि सर्वांत स्वस्त पर्याय रुग्णास सांगणे बंधनकारक करणे, या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतील.

या साऱ्याचा पाया गुणवत्तेवरील विश्वास हा आहे. मूळ औषधाइतकेच औषध शरीरात शोषले जाते की नाही, याची चाचणी काही गटांतील औषधांसाठी २०१७ पासून परवान्यापूर्वी अनिवार्य करण्यात आली. परंतु त्यापूर्वी परवाना मिळालेली कितीतरी औषधे बाजारात आहेत. औषध निरीक्षकांची व प्रयोगशाळांची संख्या पुरेशी नसेल, तर ‘स्वस्त म्हणजे हलके’ ही समजूत दूर होणार नाही. आणि ही समजूत आहे तोवर महाग ब्रँडची मागणी टिकून राहील.

कंपन्यांकडून डॉक्टरांना दिल्या जाणाऱ्या भेटवस्तूंचा खर्चही शेवटी औषधाच्या किमतीतूनच वसूल होतो. अशा खर्चावर कंपन्यांना प्राप्तिकरात वजावट मिळणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये औषधांच्या विपणनासाठी नवी आचारसंहिता जाहीर झाली. तिच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र यंत्रणा व दंडाची तरतूद असणे आवश्यक आहे.

८. रुग्णाच्या हातातील उपाय

धोरणे बदलण्यास काळ लागतो. तोपर्यंत रुग्णाने व त्याच्या कुटुंबाने पुढील गोष्टी अवश्य कराव्यात.

(१) डॉक्टरांना ब्रँडबरोबर औषधाचे मूळ नाव लिहिण्याची विनंती करावी आणि यापेक्षा स्वस्त पर्याय चालेल काय, हे तेथेच विचारावे. पुष्कळदा केवळ विचारण्याचा संकोच महाग पडतो.

(२) पर्याय पाहताना औषधाचे नाव, मात्रा व स्वरूप या तिन्ही गोष्टी जुळवून पाहाव्यात. साधी गोळी आणि शरीरात सावकाश विरघळणारी गोळी एकमेकींच्या जागी घेता येत नाहीत. २०१८ पासून वेष्टनावर मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापणे बंधनकारक असल्याने ही तपासणी आता सोपी झाली आहे.

(३) अपस्मारावरील फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन, थायरॉइडसाठीचे थायरॉक्सिन अशा औषधांत मात्रेतील किंचित फरकही अपाय करू शकतो. यांचा ब्रँड डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बदलू नये.

(४) नियंत्रित औषधाची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या सुविधेवर पाहता येते. अधिक आकारणी झाल्यास पावतीसह तक्रार करता येते. म्हणून पावती घेण्याचा आग्रह धरावा.

(५) डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक औषधाची गरज आजही आहे काय, हे दीर्घकालीन आजारात ठरावीक काळाने विचारावे. अनावश्यक औषध बंद होणे हीदेखील बचतच होय. मात्र पैसे वाचविण्यासाठी मात्रा आपणहून कमी करणे अंती अधिक खर्चाचे ठरते.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, औषधांच्या किमती कमी करण्याचा कोणताही एकच मार्ग पुरेसा नाही. पेटंटमुळे महाग असलेल्या औषधाच्या बाबतीत पेटंट कायद्यातील संरक्षक तरतुदींचा निर्भयपणे वापर हाच परिणामकारक उपाय आहे. जनौषधी केंद्र तेथे काहीच करू शकत नाही. ब्रँडेड जेनेरिकच्या बाबतीत प्रश्न मक्तेदारीचा नसून विपणनखर्च, व्यापारी नफा व गुणवत्तेविषयीची शंका यांचा आहे. तेथे नफ्यावरील मर्यादा, मूळ नावाने लिहिलेली चिठ्ठी आणि विश्वासार्ह तपासणी यांची जोड हवी. सार्वजनिक रुग्णालयांसाठी पारदर्शक व वेळेवर होणारी सामूहिक खरेदी हा सर्वांत खात्रीचा मार्ग असल्याचे तामिळनाडू व राजस्थानच्या अनुभवाने सिद्ध केले आहे.

देशातील औषधउद्योग जगातील अनेक गरीब राष्ट्रांना स्वस्त औषधे पुरवितो. ज्या देशात ही औषधे तयार होतात, तेथील रुग्णास पैशाअभावी गोळीचे दोन तुकडे करावे लागू नयेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. ती पूर्ण करण्यासाठी लागणारे कायदे बहुतांशी अस्तित्वात आहेत. अंमलबजावणीची इच्छाशक्ती आणि नागरिकांची जागरूकता यांची त्यांना साथ मिळणे अगत्याचे आहे.